मेलिंग लिस्टची जुनी पत्रं फोरमवर नेताना मराठी का फुटते आणि ती परत कशी जोडायची

लिस्ट बंद झाली, फोरम सुरू झाला, पंधरा-वीस वर्षांची पत्रं आत आली. आठवड्याभरात कुणीतरी २००६ सालचा धागा उघडतं आणि ॲडमिनला निरोप येतो, "अहो, मराठी सगळी गेली की!"

मी आत्तापर्यंत तीन लिस्ट हलवायला मदत केली. एक गावाकडच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची, एक परदेशातल्या मराठी मंडळींची आणि एक झाडांची आवड असलेल्यांची. तिन्हीकडे हाच निरोप आला. तिन्हीकडे कुणी ना कुणी असंही म्हणालं की जुनं कोण वाचतंय, राहू दे. मला ते राहू देता येईना. शाळेच्या लिस्टवर आमच्या एका सरांनी २००५ साली पहिल्या पावसावर लिहिलेलं लांबलचक पत्र होतं. सर आता नाहीत, आणि त्यांच्या घरीही त्या पत्राची दुसरी प्रत नव्हती. फोरमवर ते उघडलं तर एक शब्द वाचता येत नव्हता. त्या एका पत्रापायी मी हा सगळा प्रकार मुळापासून समजून घेतला. ज्यांच्यापुढे आज हेच दुखणं उभं आहे त्यांच्यासाठी ते इथे मांडतोय.

आधी नीट बघा, मग हात लावा

"मराठी फुटली" या एका तक्रारीमागे निदान तीन वेगळे रोग असतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर वाचण्यासारखं होतं तेही जातं. म्हणून पहिल्या दिवशी कुठलीही दुरुस्तीची आज्ञा चालवू नका. बिघडलेली वीसेक पत्रं उघडून स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते बघा.

नुसती साधी प्रश्नचिन्हं ओळीने दिसत असतील, तर तुमच्या हातातली प्रत वाचत बसण्यात अर्थ नाही, दुसरी प्रत शोधायची आहे. डोक्यावर तिरपी रेघ असलेला छोटा रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसत असेल आणि त्याला चिकटून चलनाचं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह असेल, तर आनंदाची गोष्ट आहे. मजकूर बहुतेक शाबूत आहे, चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय एवढंच. मजकूर चांगला पण शीर्षकात मध्येच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह असेल, तर तो तिसरा प्रकार. तो सोडवायला सगळ्यात सोपा.

ओळीने प्रश्नचिन्हं

हे बहुतेक वेळा मेलमन २ या लिस्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवरच्या लिस्टच्या बाबतीत होतं. मेलमनबरोबर पायपरमेल नावाची संग्रहाची व्यवस्था येते. महिन्यामहिन्याची पत्रं वेबवर लावणारी ती हीच. तिथून महिनावार मजकूर-फाइली उतरवून घेता येतात, म्हणून हलवणारा माणूस पहिल्यांदा त्यांनाच हात घालतो. मीही घातला होता. पण पायपरमेल पत्र मांडताना ते लिस्टच्या भाषेच्या अक्षरसंचात (कुठल्या अक्षराला कुठला आकडा, याची यादी) बदलून घेतं, आणि भाषा इंग्रजी ठेवलेली असेल तर तो अक्षरसंच असतो यूएस-आस्की. त्यात देवनागरीला जागाच नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं आणि ते तिथेच राहतं. त्या फाइलीतून मराठी परत आणणारं कुठलंही साधन नाही.

मात्र मूळ पत्र सर्व्हरवर वेगळं ठेवलेलं असतं. मेलमनच्या 'आर्काइव्ह्ज' फोल्डरमध्ये 'प्रायव्हेट' नावाचं फोल्डर असतं आणि त्यात लिस्टच्या नावापुढे 'डॉट एमबॉक्स' लावलेलं आणखी एक. त्यातली मोठी एमबॉक्स फाइल म्हणजे खरा ऐवज. पत्रं जशी आली तशी, शीर्षकं, पत्ते आणि जोडण्यांसकट. होस्टिंगवाल्याकडे मागायची ती हीच फाइल, आणि जुनं खातं बंद करायच्या आधी मागायची.

ती मिळत नसेल तर सभासदांकडे वळा. प्रत्येक लिस्टमध्ये एक तरी माणूस असा असतो ज्याने आयुष्यात एकही मेल पुसलेली नाही. त्यांना जीमेलमध्ये लिस्टच्या पत्रांना एक लेबल लावायला सांगा आणि गूगल टेकआउटमधून तेवढंच लेबल उतरवून घ्यायला सांगा. ते एमबॉक्स स्वरूपातच मिळतं आणि त्यांच्या खाजगी पत्रांना धक्का लागत नाही. झाडांच्या लिस्टचा संग्रह आम्ही असाच चार जणांच्या पेट्यांतून उभा केला. प्रत्येक पत्राला जन्मतः एक मेसेज-आयडी असतो, त्यावरून दुबार प्रती वगळता येतात. तारीख किंवा विषय बघून वगळू नका. "रविवारची फेरी" या एकाच विषयाने एकाच दिवशी पाच वेगळी पत्रं आलेली असतात.

तिरपी रेघ, गोल चिन्ह, येन

आता मुख्य दुखणं. इथे थोडं आकड्यांत शिरावं लागेल, पण एकदा ते कळलं की पुढचं सगळं आपसूक उलगडतं.

यूटीएफ-८ ही मजकूर आकड्यांत साठवायची आजची रूढ पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले तीन आकडे, घेतं. पहिला बाइट नेहमी २२४. दुसरा १६४ किंवा १६५. तिसरा त्या चिन्हाचा स्वतःचा. 'मराठी' हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचा, म्हणजे पंधरा बाइटांचा. हेच पंधरा बाइट कुणी विंडोज-१२५२ या जुन्या युरोपीय अक्षरसंचाच्या चष्म्यातून वाचले की प्रत्येक बाइटाचं एक वेगळं चिन्ह होतं. २२४ म्हणजे तिरप्या रेघेचा 'ए', १६४ म्हणजे चलनाचं गोल चिन्ह, १६५ म्हणजे येन. तिसऱ्या जागी 'म'साठी नोंदणीकृत मालाचं गोलातलं 'आर' येतं, 'र'साठी अंशाचं वर्तुळ, कान्यासाठी पाऊणचा अपूर्णांक आणि दीर्घ वेलांटीसाठी युरोचं चिन्ह. 'ठ'च्या जागी काहीच दिसत नाही. ते का, ते पुढे येतंच.

असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पत्राचा माथा (हेडर) खोटं बोलतो. दोन हजारच्या दशकात कित्येक मेलसेवा यूटीएफ-८ मजकूर पाठवत, पण माथ्यावर "हा लॅटिन-१ (विंडोज-१२५२ चाच जवळचा भाऊ) आहे" असं लिहीत, किंवा काहीच लिहीत नसत. वाचणाऱ्याने आपल्या संगणकावर हाताने अक्षरसंच बदलला की मराठी दिसायची, म्हणून तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. आयात करणारं साधन मात्र माथ्यावर विश्वास ठेवतं आणि फसतं.

उपाय असा: माथ्याकडे बघायच्या आधी मजकूर कडक यूटीएफ-८ म्हणून वाचून बघायचा. एकही बाइट न अडखळता तो वाचला गेला, तर तो यूटीएफ-८च आहे, माथा काहीही म्हणो. २२४-१६४-अमुक अशी शेकडो त्रिकुटं योगायोगाने जमत नाहीत. तसा वाचता आला नाही, तरच माथ्यावरचं ऐकायचं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे दहा-बारा ओळींचं काम आहे. शाळेच्या लिस्टमधली फुटलेली बहुतेक पत्रं एवढ्यानेच उभी राहिली.

उरलेली मात्र चिवट निघाली. त्यांचं असं झालं होतं की कुणीतरी कधीकाळी संग्रह उघडून, चुकीच्या चष्म्यातून वाचून, तसाच पुन्हा यूटीएफ-८ म्हणून जतन केला होता. म्हणजे आता फाइलीत खरोखरच तिरप्या रेघेचा 'ए' आणि येन बसलेत. इथे उलट चालायचं. ती चिन्हं विंडोज-१२५२ च्या आकड्यांत परत न्यायची आणि ते आकडे यूटीएफ-८ म्हणून वाचायचे.

सगळे इथवर येतात आणि इथेच अडकतात. पत्र बरंचसं वाचता येतं, पण जोडाक्षरं फुटलेली, उकार गायब, 'एक'चा नुसता 'क' झालेला. मीही दोन रात्री यात घालवल्या. कारण असं आहे की विंडोज-१२५२ मध्ये पाच आकड्यांना चिन्हच दिलेलं नाही: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. युरोपातल्या भाषांचं त्यावाचून काही अडत नाही, पण देवनागरीचं नेमकं त्यांच्यावरच अडतं. २२४-१६५ नंतर १४१ आला की तो हलन्ताचा पाय. २२४-१६५ नंतर १२९ आला की र्‍हस्व उकार. २२४-१६४ नंतर १४३ म्हणजे 'ए', १४४ म्हणजे 'ऐ', १५७ म्हणजे 'झ', १२९ म्हणजे चंद्रबिंदू. हलन्त गेला की मराठीतलं एकही जोडाक्षर उभं राहत नाही. काही प्रोग्रॅम या पाच आकड्यांशी थांबून चूक दाखवतात. तो खरा चांगला प्रोग्रॅम. काही मुकाट्याने ते गाळून पुढे जातात, आणि नुकसान तिथे होतं.

म्हणून परत फिरताना 'चुका दुर्लक्षित करा' हा पर्याय कधीही वापरू नका. जिथे विंडोज-१२५२ कडे उत्तर नाही तिथे तो आकडा लॅटिन-१ प्रमाणे आहे तसा पुढे जाऊ द्यायचा. ब्राउझरही असंच करतात. पायथनमध्ये एफटीएफवाय नावाची मोफत लायब्ररी आहे, ती याच सैल पद्धतीने वाचते. माझी शिफारस तिचीच. पण आधी पन्नास पत्रांवर चालवून निकाल डोळ्यांनी वाचा.

आता 'ठ'बद्दल. 'ठ'चा तिसरा बाइट १६०, आणि विंडोज-१२५२ मध्ये १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. कुणी मध्येच "जास्तीच्या मोकळ्या जागा साफ करतो" म्हणून तिचं साध्या जागेत रूपांतर केलं की 'ठ' मेला. आपल्या भाषेच्या नावातच तो आहे. 'भ'चं दैव त्याहून वाईट. त्याचा तिसरा बाइट १७३, म्हणजे न दिसणारी संयोगरेषा. ती तर साफसफाई करणारी बरीच साधनं पुसतातच. 'ठ' वाचवणं सोपं आहे. २२४-१६४ नंतर साधी जागा, म्हणजे ३२, असा क्रम खऱ्या यूटीएफ-८ मध्ये असूच शकत नाही, त्यामुळे तिथे १६० बसवला की काम होतं. फक्त हे उलटं वाचन करायच्या आधी करायचं, नंतर नाही.

आणि बाइट खरोखरच गाळले गेले असतील तर? मग हातात उरतं नुसतं २२४-१६५, ज्याचा तिसरा साथीदार गेला. तो उकार असेल किंवा हलन्त. यंत्राला कळत नाही, माणसाला कळतं. 'प_स_तक' अशा खुणेच्या शब्दात पहिल्या जागी उकार आणि दुसऱ्या जागी हलन्त हवा, हे दुसरीतलं पोरही सांगेल. शब्दसूची हाताशी असेल तर यंत्रही बरंचसं जुळवून देतं. पण 'पुरती' की 'प्रती' हे वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही. नुसतं २२४-१६४ उरलं तर 'झोळी' की 'भोळी' असा प्रश्न पडतो. आमच्या लिस्टवर शाळेतल्याच एक निवृत्त मराठीच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "मला छापून दे, मी वाचते." मी संशयाच्या जागी तांबडा ठिपका टाकून पानं छापून दिली. त्यांनी पेन्सिलीने भरून पाठवली. सरांचं पावसाचं पत्र त्यांनीच पुरं केलं. एका ठिकाणी त्यांनी समासात लिहिलं होतं, "इथे 'भिजलेलं' नसणार, सर 'झिजलेलं' म्हणायचे." ते खरं होतं. पुढे सरांच्या घरच्यांनी त्यांची एक वही शोधून काढली तेव्हा तिच्यात तोच शब्द सापडला.

शीर्षकात मध्येच काळी चौकट

मेलच्या विषयात देवनागरी सहसा थेट जात नाही. १९९६ च्या आरएफसी २०४७ प्रमाणे ती तुकड्यातुकड्यांत सांकेतिक करून जाते, आणि एका तुकड्याची लांबी ७५ चिन्हांपेक्षा जास्त नसावी लागते. अक्षरसंचाचं नाव आणि खुणा वजा केल्या की एका तुकड्यात ४५ बाइट मावतात, म्हणजे नेमकी पंधरा देवनागरी चिन्हं. छान बसतंय असं वाटतं, पण विषयात मोकळ्या जागा असतात, आकडे असतात, चौकटी कंसातलं लिस्टचं नाव असतं. ती एकेक बाइटाची, त्यामुळे पंचेचाळिसावा बाइट एखाद्या अक्षराच्या पोटात येतो. नियम सांगतो की अक्षर मध्ये कापू नये. जुने मेल प्रोग्रॅम सरळ कापत.

आयात करणारं साधन प्रत्येक तुकडा वेगळा उलगडतं, दोन्हीकडे अर्धं अर्धं अक्षर सापडतं आणि दोन्हीकडे काळी चौकट बसते. उपाय: सलग तुकड्यांचा अक्षरसंच एकच असेल तर आधी त्यांचे बाइट एकमेकांना जोडायचे आणि मग एकदाच वाचायचे. एवढंच. पण हे मूळ एमबॉक्सवर करायचं. फोरमच्या डेटाबेसमध्ये चौकट एकदा साठली की अर्धं अक्षर कायमचं गेलेलं असतं. कुठे कुठे साठली ते शोधायचं असेल तर २३९-१९१-१८९ हे त्रिकूट शोधा, काळ्या चौकटीचे ते बाइट.

"दुरुस्त केलं, पुन्हा आयात केलं, तरी फोरमवर जुनंच दिसतंय"

ही तक्रार मला आजवर सगळ्यात जास्त वेळा आली आहे. डिस्कोर्स या फोरम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं एमबॉक्स आयात साधन आधी सगळी पत्रं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलीत नोंदवून घेतं आणि मग फोरमवर टाकतं. तुम्ही एमबॉक्स सुधारलात, पण ती मधली फाइल जुनीच राहिली. शिवाय एकदा आत गेलेलं पत्र ते दुसऱ्यांदा टाकत नाही, ओळखून सोडून देतं. तेव्हा मधली फाइल पुसा, रिकाम्या फोरमवर नव्याने आयात करा. चालू फोरमवर प्रयोग करू नका, बाजूला दुसरा उभा करा. मधली फाइल उघडून बघता येते हा त्यातला फायदाही आहे. फोरमवर काही जायच्या आधी शीर्षकं आणि नावं तिथेच चाळून घ्या.

साफसफाईचा मोह

कुणीतरी सुचवतं की संग्रहातली न दिसणारी चिन्हं काढून टाकू, शोध नीट चालेल. मराठीत हे करू नका. 'दऱ्या' शब्दातला तो अर्धा र पूर्वी 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असा टंकला जायचा. ते जोडचिन्ह काढलं की दऱ्यांचा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. 'आचाऱ्यांना' जेवण वाढायला सांगितलेलं असतं, ते 'आचार्यांना' सांगितलं असं होतं. काढायच्या ऐवजी बदला: जुनं 'र-हलन्त-जोडचिन्ह' दिसलं की तिथे 'ऱ' आणि हलन्त लिहा. मग अर्थही राहतो आणि शोधही लागतो.

तसंच 'ॲ'चं. हे एक अखंड अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या पत्रांत 'अ' आणि त्यावर वेगळी चंद्रकोर आहे. दोन्ही दिसतात सारखी, पण शोधणाऱ्याने 'ॲडमिशन' टाकलं तर २००६ चं पत्र सापडत नाही. सगळीकडे अखंड अक्षर करून घ्या.

फॉन्टात लिहिलेली पत्रं वेगळी. युनिकोड रुळायच्या आधी लोक श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा फॉन्टांत लिहीत. ती पत्रं आज रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा गोंधळ दिसतात, पण त्यात तिरप्या रेघेचा 'ए' आणि येन ही जोडी पुन्हा पुन्हा येत नाही, यावरून ओळखू येतात. तिथे अक्षरसंच बदलून काही होत नाही. त्या त्या फॉन्टचा परिवर्तक लागतो, आणि पत्र कुठल्या फॉन्टात आहे हे बहुधा लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं. रोमनमध्ये लिहिलेली मराठी पत्रं जशीच्या तशी ठेवा. ती तेव्हा तशीच लिहिली गेली होती.

वीस जणांची पत्रं एकाच्याच नावावर

हे अक्षरांचं नाही, पण त्याच आठवड्यात डोकं वर काढतं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी कडक डीमार्क धोरण लावलं: याहूच्या पत्त्यावरून आलंय असं म्हणणारं, पण तपासणीत न टिकणारं पत्र नाकारा. मेलिंग लिस्ट विषयात आपलं नाव आणि तळाशी तळटीप घालते, त्यामुळे मूळ सही मोडते आणि पत्र नाकारलं जातं. उपाय म्हणून लिस्ट पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता घालू लागल्या, "अमुक, लिस्टमार्फत" असा. आयात करताना त्या सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो, म्हणून फोरम त्या सगळ्यांचं मिळून एकच खातं करतो. खरा पत्ता बहुधा 'रिप्लाय-टू'च्या ओळीत असतो, गूगल ग्रुपच्या पत्रांत 'एक्स-ओरिजिनल-फ्रॉम'मध्ये. लिस्टचा स्वतःचा पत्ता दिसला की तिथून उचलायचा.

उलटही होतं. एकाच माणसाचे वीस वर्षांत व्हीएसएनएल, रेडिफमेल, जीमेल असे तीन पत्ते झालेले असतात आणि फोरमवर त्यांची तीन माणसं होतात. ही यादी हाताने करून, ज्याला त्याला विचारून जुळवावी. नावावरून यंत्राने जुळवू नये. एकाच नावाचे दोन जोशी आमच्याकडे होते.

बाकी दोन गोष्टी झटकन. एमबॉक्समध्ये नवं पत्र 'फ्रॉम' आणि त्यापुढे मोकळी जागा अशा ओळीने सुरू होतं, त्यामुळे कुणाच्या इंग्रजी परिच्छेदाची सुरुवात त्याच शब्दाने झाली असेल तर पत्राचे दोन तुकडे पडतात. तारीख नसलेली पत्रं १ जानेवारी १९७० ला जाऊन बसतात. दोन्ही शोधायला सोपी आहेत: पाठवणारा नसलेली पत्रं आणि १९७० ची पत्रं वेगळी काढून बघा.

आणि मग नवी मराठी

जुनं जोडून झालं की वाटतं संपलं, पण लिस्टची माणसं फोरम उघडत नाहीत, ती मेलमध्येच वाचतात आणि मेलनेच उत्तर देतात. ते उत्तर पोचलं नाही तर ती दुसऱ्यांदा लिहीत नाहीत, विचारतही नाहीत. परदेशातल्या मंडळींच्या लिस्टवर पहिल्या महिन्यात शांतता पसरली तेव्हा आम्हाला वाटलं लोकांना फोरम आवडला नाही. नाकारलेल्या मेलांची नोंद उघडली तर ती भरलेली होती.

डिस्कोर्समध्ये प्रतिसाद मुळात किमान २० चिन्हांचा लागतो. "धन्यवाद" सात चिन्हांचं, "नक्की येतो" दहाचं. दोन्ही परत. ही मर्यादा खाली आणा. आपल्याकडे कुणाच्या दुःखात दोन शब्द लिहितात तेही वीस चिन्हं भरतातच असं नाही. दुसरं, मेल ज्या पत्त्यावर गेली त्याच पत्त्यावरून उत्तर आलं तरच फोरम ते घेतो. ज्येष्ठ मंडळींची मेल जुन्या पत्त्यावर येते, तिथून आपोआप जीमेलला जाते आणि उत्तर जीमेलवरून निघतं. ते नाकारलं जातं, आणि नाकारल्याची मेल ते वाचत नाहीत. अशा प्रत्येकाचा फोरमवरचा पत्ता फोन करून बदलून घ्या. फोनच करा, मेल नको.

फोरम ज्या पत्त्यावरून पाठवतो त्याचं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (पाठवणारा खरा असल्याची ग्वाही देणाऱ्या तीन नोंदी) पहिल्या दिवसाआधी लागलेलं हवं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, आणि दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडून तिन्ही. आयात चालू असताना बाहेर जाणाऱ्या मेल बंद ठेवा, नाहीतर लोकांना अठरा वर्षांपूर्वीच्या निधनाची बातमी नव्याने जाईल. देवनागरी सभासदनावं चालावीत म्हणून युनिकोड नावांची सेटिंग चालू करा, ती मुळात बंद असते. वेबपत्त्यांचीही सेटिंग बघून घ्या, नाहीतर प्रत्येक मराठी धाग्याच्या पत्त्यात त्याच्या शीर्षकाचा मागमूस राहत नाही.

फोरम उघडायच्या आदल्या दिवशी मी एक वाक्य मेलने पाठवतो, आणि तेच विषयाच्या ओळीतही टाकतो, म्हणजे तुकडे पडणं भाग पडतं:

"ऐन उन्हाळ्यात ठाण्याच्या एका भाच्याने बँकेच्या ॲडमिनला झुडपं आणि दऱ्या दाखवल्या."

वर सांगितलेली नेहमीची धोक्याची चिन्हं त्यात सगळी आहेत. ते फोरमवर नीट उमटलं, तिथून मेलने परत आलं, त्या मेलला दिलेलं उत्तर पुन्हा फोरमवर नीट उमटलं आणि शोधात 'दऱ्या' टाकल्यावर सापडलं, की मग लोकांना बोलवायचं.